डावीकडची गादी

१

जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी गाडीकडे बघतच नाही. ती जिथं उभी असते, तिथली जमीन बघतो. मालक खोटं बोलेल, दलाल तर बोलेलच, पण गाडीखालची माती खोटं बोलत नाही. इंजिनाखाली काळा डाग दिसला की मी चहासुद्धा न घेता परत फिरतो. डाग नसेल तर बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवतो. इंजिन थंडगार लागलं पाहिजे. गिऱ्हाईक येणार म्हणून पहाटेच गाडी तापवून ठेवणारे बहाद्दर मी पुष्कळ पाहिलेत. तापलेलं डिझेल इंजिन कुणाच्याही हातानं चालू होतं. खरी परीक्षा थंड इंजिनाची.

फौजेत सतरा वर्षं मी गाड्याच दुरुस्त केल्या. हवालदार म्हणून सुटलो आणि कृष्णाकाठी गावी येऊन उसाच्या बांधाला पत्र्याची शेड घातली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणाला जुनी जीप घ्यायची असली की तो माझ्याकडे यायचा. नाथाजी हवालदारानं मान हलवली की सौदा पक्का. दहा वर्षांत मी पसंत केलेली एक गाडी परत आली नाही. याचा मला गर्व होता. होता कशाला, अजून आहे. म्हणून तर ही गोष्ट सांगायला इतकी वर्षं लागली.

सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा लागला होता. म्हसवडच्या पलीकडच्या वस्तीवरचा धुळा शेडच्या दारात येऊन उकिडवा बसला. मेंढपाळ माणूस, खांद्यावर घोंगडं. माझं काम होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

"हवालदार, चारी चाकानं वढणारी गाडी पायजे. डिझेलची."

"मेंढरं जीपमधून हिंडवणार काय रं?"

"मेंढरांना न्हवं. भामाला पायजे."

भामाबाई त्याची बायको. वस्ती आणि म्हसवडचा दवाखाना यांच्यामध्ये माणगंगेचं पात्र आहे. पाणी नसतंच, पण वाळू गुडघाभर. दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळेला बैलगाडी त्या वाळूत रुतून बसली. दोन्ही लेकरं गाडीतच गेली. आता तिला आठवा लागला होता. निम्मा कळप विकून धुळा आला होता.

"लय देखणी नको," तो म्हणाला. "वाळूत थांबाय नको, एवडंच बघा."

मी म्हटलं, "नाथाजीनं दिलेली गाडी थांबत न्हाई."

२

गाडी कवठे महांकाळला मिळाली. हंबीरराव नावाचे कुणी ठेकेदार होते, विहिरींची कामं घ्यायचे. ते वारले आणि आठ महिने जीप पत्र्याखाली उभी होती. त्यांची बायको चंद्राबाई एकटीच घरात. बाई ताठ होती. मोजकं बोलायची.

जमीन कोरडी होती. इंजिन थंड होतं. बॅटरी आमची लावली आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. आधी पांढरा धूर आला, तोही मिनिटभरात निवळला. तेलाचं झाकण काढून वर तळहात धरला, फुंकर लागली नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं. ओढ्याच्या वाळूत नेऊन मुद्दाम रुतवली, चारी चाकांचा दांडा ओढला आणि क्लच सोडला. जीप म्हशीसारखी आरामात बाहेर आली. धुळ्याचे डोळे भरून आले. पुरुषमाणसाला असं बघायची मला सवय नाही, मी उगाच टायरला लाथ मारून बघितली.

शेवटी माझी एक तपासणी असते. खाली बसून मी प्रत्येक पाट्याच्या वरची फट बोटांनी मोजतो. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. पुढच्या उजव्या पाट्यावर चार बोटं बसली. डाव्यावर तीन.

हे उलटं होतं. गाडीत ड्रायव्हर कायम असतो, शेजारचा कधीमधी. त्यामुळं बसतो तो उजवा पाटा. मी चंद्राबाईंना विचारलं, "मालक सोता चालवत हुते का?"

"न्हाई. डायवर हुता. ते डावीकडं बसायचे."

"जाडजूड हुते?"

"बेताचेच."

म्हटलं, चला, उत्तर मिळालं. वर्षानुवर्षं एकच माणूस एकाच जागी बसला, पाटा बसला. लोखंडाला कमान दिली की भागतं.

सौदा ठरला. तेवढ्यात चंद्राबाई गाडीपाशी गेल्या आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटची गादी उचलून त्यांनी कडेवर घेतली.

"ही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

"ती कशापायी?"

"जनावर इकलं तर दावं मालक ठेवून घेतो. तसं समजा."

धुळ्यानं लगेच मान डोलावली. बाजारात म्हैस विकणारा दावं देत नाही, घेणारा आपलं दावं घेऊन येतो. मेंढपाळाला हे सांगायला नको. "ठेवू द्या की हवालदार. मी पोतं घालून बसंन."

पण मी फौजेतला. आमच्यात गाडी ताब्यात घेताना यादी असते. जॅक, हँडल, स्टेपनी, पाने, गाद्या. एक नग कमी असला तरी सही होत नाही. मी म्हटलं, "आवं बाई, ही म्हस न्हवं, मशीन हाय. गाडी पुरी घेतली, पुरी द्या."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागानं नव्हे. पोरगं चुकतंय आणि सांगून उपयोग नाही, अशा नजरेनं.

"बरं. न्या," त्या म्हणाल्या. "मी मागितली हुती, एवडं ध्यानात ठेवा."

त्यांनी गादी स्वतःच्या हातानं जागेवर बसवली, वरची धूळ पदरानं पुसली आणि जीपकडं पाठ न करता मागं मागं सरत घराच्या पायरीपर्यंत गेल्या.

३

धुळ्याला एसटीनं पाठवून मी जीप आमच्या गावी आणली. आठ दिवसांत सगळी उलगडून बसवीन आणि मग वस्तीवर पोचवीन असं ठरलं होतं. ब्रेक केले, क्लच केला, डावा पाटा उतरवून लोहाराकडून नवी कमान देऊन आणली. बसवल्यावर मोजलं. चार बोटं बरोबर. हात धुऊन जेवायला गेलो.

जेवून आलो तर तीन.

मी पुन्हा पाटा उतरवला. पट्टी मोडलेली नव्हती, कमान जागेवर होती. जमिनीवर ठेवला तर अगदी ठणठणीत. गाडीला लावला की अर्ध्या तासात एक बोट खाली. दुसऱ्या दिवशी मी डावा पाटा उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावला. डावीकडं तीनच. म्हणजे दोष लोखंडात नव्हता.

आता हे कोडं सोडवल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. जीप घेऊन सरळ कारखान्याच्या काट्यावर गेलो. हंगाम संपलेला, गेटात बैलगाड्या नाहीत, काटेवाला लालासाहेब खुर्चीत पेंगत बसला होता.

"ऊस संपला म्हणून जीप गाळायची हाय का काय?" तो हसला.

"वजन कर गुमान."

गाडी उभी केली, मी उतरलो. तेरा क्विंटल तीस. अशा जीपचं वजन मला पाठ आहे. साधारण एका माणसानं जास्त होतं. मी स्टेपनी काढली, हत्यारांची पेटी काढली, त्यांचं त्यांचं वजन बरोबर कमी झालं. मग राहिली गादी. ती उचलली. हलकी होती, आत काथ्या, वर रेक्झिन. चार किलो असेल नसेल. बगलेत धरून काट्याबाहेर येऊन उभा राहिलो.

लालासाहेब खिडकीतून ओरडला, "आणखी काय काढलंस रं?"

"काय झालं?"

"सत्तर किलो उतरलं की."

मी गादी परत ठेवली. सत्तर चढले. काढली, उतरले. लालासाहेबाचं पेंगणं पार उडालं. काटा बिघडला म्हणून तो स्वतः वर उभा राहिला, त्याचं वजन अचूक आलं. नंतर गादी एकटीच त्या लोखंडी फळीवर ठेवली, तर काटा जागचा हललासुद्धा नाही. चार किलो त्या काट्याला कळतही नाहीत. म्हणजे गादीत वजन नव्हतं. गादी जागेवर असली की मगच गाडीत ते वजन यायचं.

"गड्या," लालासाहेब हळूच म्हणाला, "ही गाडी कुणाची?"

"गिऱ्हाइकाची," मी म्हटलं आणि स्टार्टर मारला. पहिल्या झटक्याला चालू झाली. गाडी म्हणून तिच्यात काडीची खोट नव्हती.

४

उपाय सोपा होता. गादी काढून घरी ठेवायची, धुळ्याला दुसरी शिवून द्यायची. मी तसंच केलं. गादी आमच्या ओट्यावर भिंतीला लावून ठेवली आणि शेडमध्ये जाऊन पाटा मोजला. चार बोटं. मला हसू आलं. एवढ्यासाठी मी तीन दिवस डोकं खाजवत बसलो होतो!

दुपारी माझी बायको मनुबाई ओटा झाडत होती. मी शेडमधून सहज बघत होतो. ती कोपऱ्यापासून झाडत आली, गादीपाशी थांबली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गादीच्या भोवतीनं झाडून पुढं गेली. एखादा वडीलमाणूस बसलेला असावा आणि त्याला उठवायचं नसावं, तसं.

मी जवळ गेलो. "उचलून झाडायचं की गं."

"कुणाला?" ती म्हणाली.

मग स्वतःच चमकली. "काय म्हणालासा तुमी? गादी व्हय? ध्यानातच आलं न्हाई बघा."

ती हसून आत गेली. मी नाही हसलो. लढाईच्या दिवसांत मी सुरुंगाच्या रस्त्यावरून गाड्या काढल्या आहेत, पण माझ्या स्वतःच्या ओट्यावर त्या दुपारी पाय ठेवायला मला धीर होईना. तरी मन घट्ट करून त्याच घटकेला मी ती गादी उचलली, जीपमध्ये जागेवर घातली आणि म्हसवडचा रस्ता धरला.

चंद्राबाईंना परत नेऊन देता आली असती. विहिरीत टाकता आली असती. जाळता आली असती. हे आज सुचतं. त्या दिवशी एवढंच सुचलं की माझ्या घरातून जाऊ दे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मनुबाईलासुद्धा नाही. माझ्या उंबऱ्यावर नको ते मी बाळंतपणाला टेकलेल्या बाईच्या दारात नेऊन ठेवलं. त्याची लाज मला अजून वाटते.

५

वस्तीवर धुळ्याच्या आईनं, रंगुबाईनं, गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. भामाबाई दारात टेकून उभी होती. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत आशा मावत नव्हती. ती मला दादा म्हणाली.

"ही वाळूत थांबत न्हाई न्हवं, दादा?"

"न्हाई थांबत."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण नाथाजी हवालदाराची गाडी आणि तिच्यात खोट, हे माझ्या तोंडून निघेना. मी फक्त एवढं सांगितलं, "डावीकडं कुणी बसू नका. पाटा नाजूक हाय." त्यांनी ते खरं मानलं. त्यांनी माझं सगळंच खरं मानलं.

धुळ्याला गाडी शिकवायला मी तिथंच राहिलो. माळावर मी त्याला गिअर शिकवायचो आणि शेजारी बसायचं टाळायला पायरीवर उभा राहून जायचो. त्याला वाटायचं ही फौजेची पद्धत असेल.

पाचव्या दिवशी, दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी भामाबाईला कळा सुरू झाल्या.

मी स्टिअरिंगवर बसलो. मागं भामाबाई, धुळा, रंगुबाई. पात्रात उतरताना चारी चाकांचा दांडा आधीच ओढून ठेवला. गाडी छान निघाली. निम्म्या पात्रापर्यंत मला वाटलं, जिंकलो. मग पुढचं डावं चाक बसायला लागलं. बाकी तीन वाळूवर होती, हे एकटंच खाली खाली चाललं होतं. चाक अक्षापर्यंत गेलं आणि गाडी डाव्या अंगाला कलून थांबली.

धुळा आणि रंगुबाई उतरून ढकलायला लागले. चाकाखाली घोंगडं घातलं, बाभळीच्या फांद्या घातल्या. मी मागं पुढं, मागं पुढं करून बघितलं. जेवढं करावं तेवढं चाक आणखी खाली. धुळा ढकलता ढकलता मोठ्यानं रडत होता, कारण ही तीच जागा होती. मागं भामाबाई आधी ओरडत होती. मग तिचा आवाज बंद झाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

इंजिन संथ चालू होतं. मी शेजारच्या सीटकडं बघितलं. रेक्झिनवर ऊन पडलं होतं. मधोमध खळगा होता, गोल आणि खोल.

आयुष्यात पहिल्यांदा मी हातातलं सगळं ज्ञान बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

"हंबीरराव," मी म्हटलं, "बाई अडलीया. तेवडं उतरा."

रेक्झिन हळूहळू वर आलं. मांडी घालून बसलेला माणूस सावकाश उठावा, तेवढाच वेळ लागला. मग गाडी डाव्या बाजूनं अलगद उचलली गेली, पाटा कुईं करून वाजला, आणि मी क्लच सोडल्याबरोबर जीप खड्ड्यातून बाहेर पडून सरळ चढाला लागली. धुळा आणि रंगुबाई पळत येऊन मागं चढले. मी आरशात बघितलं नाही. बघायचं कारणच काय होतं?

६

मुलगी झाली. सहीसलामत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आणखी पाऊण तास उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. धुळ्यानं माझे पाय धरले. मी त्याला उठवलं, पण खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

बाहेर येऊन पाट्यावर बोटं धरली. चार. संध्याकाळी चार. दुसऱ्या दिवशीही चारच. मी मनाशी हिशेब मिटवला. कुणी असलंच तर ते उतरून गेलं. भल्या माणसासारखं विनंतीला मान देऊन गेलं. धुळ्याला म्हटलं, "पाटा सुदारला. बस खुशाल म्होरं." तोही बसायला लागला आणि काही झालं नाही.

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. रंगुबाई आदल्या दिवशीच चालत वस्तीवर गेली होती, घर सारवायला आणि पाणी भरायला. मी स्टिअरिंगवर, धुळा माझ्या शेजारी, मागं एकटी भामाबाई बाळ घेऊन. बाळ दवाखान्यातून निघाल्यापासून रडत होतं. भामाबाई त्याला थोपटत होती, हसत होती. पात्रापर्यंतच्या त्या दोन मैलांत ती जेवढी हसली तेवढी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

पात्रात उतरलो तेव्हा चांगले दहा वाजले होते, लख्ख ऊन. आमच्याच चाकांचे जुने माग वाळूत दिसत होते. मी ते धरून चाललो.

"हवालदार, थांबा थांबा," धुळा म्हणाला. "कोनतरी हात करतंय."

"कुठं?"

"त्या बाभळीखाली. म्हातारं हाय कोनतरी. लय येळ बसलंय वाटतं उनात."

मी बघितलं. बाभळीच्या फांद्या खाली आल्या होत्या, त्याआड फक्त कमरेखालचं दिसत होतं. स्वच्छ धोतर. वाळूत नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या वहाणा. आमचं चाक ज्या जागी रुतलं होतं, तिथून दहा पावलांवर.

"न्हाई थांबायचं," मी म्हटलं. "वाळूत थांबलो तर रुतंल."

"आवं, असं कसं?" धुळ्याला ते खरंच पटलं नाही. "आमच्या मुलखात वाटंवरच्या माणसाला टाकून कोन जात न्हाई. लेक पैल्यांदा घरला चाललीया माजी." आणि त्यानं बाहेर वाकून, आनंदानं, मोठ्यानं हाक मारली, "या, या! मागं जागा हाय!"

मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. पण वाळूत, खालच्या गिअरमध्ये जीप चालत्या माणसाएवढीच चालते. कुणाला चढायचं असेल तर गाडी थांबवावी लागत नाही. माझ्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मागं भार पडला की पुढचं असंच हलकं होतं. हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं.

धुळा पुढं बघत होता, वस्तीच्या दिशेनं. त्याला सगळं छान वाटत होतं.

तेवढ्यात बाळाचं रडणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला आणि वाळूची खरखर. मी हात नेऊन आरसा दुसरीकडं फिरवला.

"दादा," मागून भामाबाईचा आवाज आला. हळू, कौतुकाचा. "जरा दमानं घ्या. आत्ताच डोळा लागलाय तिचा, ह्या बाबांच्या मांडीवर."

मी गिअर बदलला नाही. वस्ती अजून दोन मैल होती.